मागची डावी बाजू

१

रविवारी दुपारी आमची जेवणं आटोपली की नत्थूजी यायचे. ते कापसाच्या जिनात फिटर होते. सहा दिवस जिनाची यंत्रं चालवायची आणि सातव्या दिवशी आमची गाडी. खांद्यावरची पान्यांची झोळी अंगणात आपटली की ते आधी पाणी मागायचे आणि मग गाडीकडे पाहून म्हणायचे, "काय म्हणते मायी म्हातारी?"

गाडी विलायती होती, लहान, दोन दारांची. पांढुर्ण्याच्या भगवंतराव दलालांच्या गोठ्यात ती आठ वर्षं कडब्याखाली पडून होती. बाबांनी ती बैलगाडीला बांधून आमच्या सौंसरला आणली. दोन दिवस लागले. शाळेतले मास्तर बैलांच्या मागे गाडीत बसून सुकाणू धरून येताहेत, हे पाहायला अर्धं गाव वेशीवर जमलं होतं. मी ओट्यावरून आत पळाले.

मास्तरांच्या पगारात होईल तेवढंच होत होतं. खालचा पत्रा सडला होता, तिथे संत्र्यांच्या पेट्यांच्या फळ्या ठोकल्या. पंख्याला जिनाच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा लावला. गाद्या मी आणि आईने शिवल्या, आत कापूस भरला. पाण्याच्या टाकीला बारीक भोक होतं; नत्थूजींनी त्यात मूठभर हळद टाकली. हळद भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. खरंच थांबली. फक्त गाडी तापली की अंगणभर हळदीचा वास यायचा. मागचं पाहायला बाबांनी आपला दाढीचा आरसा तारेने टांगला. तो नीट बसला नव्हता. त्यात रस्ता कमी आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात बसलेली मी जास्त दिसायची. माझं कपाळ आणि दोन वेण्या.

गाडी कशासाठी, हे घरात कोणी विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

माझी मोठी बहीण उषाताई रामाकोन्याला दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात तिला आणायचं ठरलं होतं. पण तेव्हाच राज्यांची फोड चालू होती. नागपूर मुंबईकडे जाणार आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, असं पक्कं होत आलं होतं. बाबांना नागपूरकडची शाळा पाहिजे होती. दर आठवड्याला ते अर्ज घेऊन तिकडे जायचे. "बदली होऊन जाऊ दे, उषेला सरळ नागपूरलाच नेऊ. मोठा दवाखाना आहे," म्हणायचे. सातवा महिना गेला, आठवा गेला. नोव्हेंबरच्या एक तारखेला कचेरीवर नव्या राज्याची तोरणं लागली. बाबांचा अर्ज त्याच आठवड्यात परत आला. आणि त्याच आठवड्यात ताईला रामाकोन्याहून बैलगाडीत घालून सौंसरच्या दवाखान्याकडे आणत होते, कारण सकाळची छोटी रेल्वे निघून गेली होती. मुलगी घरीच झाली होती, ती वाचली. ताई अर्ध्या रस्त्यात गेली.

महिन्याभरात बाबांनी गाडी आणली. आई एवढंच म्हणाली, "आता?"

२

चाकांवर गाडी तोलणाऱ्या कमानी शेवटी केल्या. मागच्या कमानींचे पोलादी पाटे पार बसले होते. नवे कुठून आणणार? नत्थूजींनी मोटार-स्टँडच्या भंगारातून एका लॉरीचे पाटे आणले, लोहाराकडून कापून, तापवून, वाकवून घेतले. या गाडीचं माप त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी जिनातली रीत लावली. जेवढी माणसं बसणार, तेवढ्या वजनाची सरकीची पोती त्या त्या जागी ठेवायची, आत पाण्याची परात ठेवायची आणि पाणी चारी बाजूंनी सारखं दिसेपर्यंत पाटे कमी-जास्त करायचे.

"मास्तर, किती जनं बसनार?" त्यांनी विचारलं.

बाबा ओट्यावर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "चार."

मी दाभण घेऊन पोतं शिवत होते. माझा हात थांबला. आई दारात उभी होती. तिच्या हातात परात होती.

"वजनं सांगा मंग."

बाबांनी वहीच्या पाठीवर लिहून दिलं. त्यांचं पावणेदोन मण. आईचं एक मण अकरा शेर. माझं अडतीस शेर. आणि ताईचं एक मण तीन शेर. ते लग्नाच्या आधीचं होतं. जिनाच्या काट्यावर आम्ही दोघी गमतीने चढलो होतो, तेव्हाचं. ताई तेव्हा अकरावीत होती आणि परीक्षेचा फॉर्म भरून आली होती. ती परीक्षा तिने दिली नाही. आधी लग्न झालं.

बाबांना आपली चूक कळायला हवी होती. मला कळली होती, आईला कळली होती. पण आई पुढे झाली, परात गाडीत ठेवली आणि तांब्याने पाणी ओतू लागली. नत्थूजी परगावचे नव्हते, त्यांनाही घरात किती माणसं उरली ते माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चौथं पोतं उचलून मागच्या डाव्या बाजूला ठेवलं.

संध्याकाळपर्यंत परातीतलं पाणी चारी बाजूंनी सारखं झालं.

पोती उतरवताना ते मला हळूच म्हणाले, "पोरी, तिघं बसले का मागची डावी बाजू चार बोटं वर राहीन. भेवू नको. ते बरोब्बरच हाये."

३

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पहिल्यांदा गाडीत बसलो. मागे जायला पुढची डावी सीट दुमडावी लागायची. आईने ती दुमडली, मी आत सरकून उजव्या कोपऱ्यात बसले. आई सीट धरून तशीच उभी राहिली.

"बस ना," बाबा म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि मग बसली.

गाडी सुरू झाली. गल्लीतली पोरं ओरडली. नत्थूजी मागे गुडघ्यावर बसून बोटांनी माप घेत होते. त्यांनी डावीकडे चार बोटं लावली, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"थांबा मास्तर, बंद करा."

"काय झालं?"

"काई नाई." त्यांनी परात मागून घेतली, माझ्या पायाशी फळ्यांवर ठेवली आणि पाणी ओतलं. मी वाकून पाहिलं. पाणी सरळ होतं. डावीकडे केसभरही कमी-जास्त नव्हतं.

"चांगलं झालं की," बाबा खूष होऊन म्हणाले. "एकदम लेव्हल."

"तेच तर म्हनून राहिलो ना मी," नत्थूजी म्हणाले. "लेव्हल काऊन हाये?"

बाबा हसले. मी मनात हिशोब मांडला. पाटे नवे आहेत, ताठ आहेत, एकीकडे कमी वजन पडलं तर लगेच उचलणार नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकात कमानीचा धडा होता. त्यात असं नव्हतं, पण पुस्तकात लॉरीचे कापलेले पाटेही नव्हते.

मोटार-स्टँडपर्यंत जाऊन आलो. खड्डा आला की माझ्या पायाखालची फळी करकरायची. कापसाच्या गादीचा आवाज येत नाही, फळीचा येतो. परत येताना माझ्या लक्षात आलं, की डावीकडची फळीही करकरते आहे. माझ्यानंतर, जरा उशिरा. जसं कोणी खड्डा आल्यावर पाय सावरून घेतं.

४

नत्थूजींना ते सहन झालं नाही. ते परत आले आणि म्हणाले, "मायी चूक हाये, मीच दुरुस्त करतो." या वेळी त्यांनी तीनच पोती ठेवली. मागची डावी जागा मोकळी ठेवली. डावीकडचा एक पाटा काढला. पाणी सरळ केलं. परात मला दाखवून म्हणाले, "हे पा. तीन पोते, पानी सरळ. आता बसा तुमी."

मी बसले. आई सीट धरून उभी राहिली, मोजून पाच श्वास, मग बसली.

गाडी मागे डावीकडे खचली. परातीतलं पाणी काठावरून सांडलं आणि फळ्यांच्या फटीतून खाली अंगणात गळू लागलं.

नत्थूजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पोत्याले बरोब्बर. तुमाले काऊन नाई?"

"तुमचं वय झालं नत्थूजी," बाबा म्हणाले. "जे होतं ते चांगलं होतं. पाटा परत टाका."

त्यांनी पाटा परत टाकला. जाताना चहा घेतला नाही. मी पाणी सांडलेली गादी उन्हात टाकायला काढली. उजवीकडे माझी बसायची जागा दबलेली होती. तिथे मी दोन-तीनदा बसले होते. डावीकडेही तशीच दबलेली होती, माझ्यापेक्षा जरा रुंद. मी स्वतःला सांगितलं, की तिथे दिवसभर पोतं होतं. पण पोत्याचा खळगा चौकोनी पडतो.

मी गादी दोन्ही हातांनी झोडपली. कापूस फुगला. आई मागून आली आणि म्हणाली, "राहू दे विजू. कशाला मोडतेस?"

५

माघात भैय्याजींची चिठ्ठी आली. भैय्याजी म्हणजे ताईचे सासरे, मोरेश्वर तिचे यजमान. लेकरू तीन महिन्यांचं झालं, मोरेश्वरच्या आईच्याने आता होत नाही, लेकराला मावशीपेक्षा जवळचं कोण, येत्या रविवारी येऊन जावं. पोरीलाही आणावं.

बाबांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. कोनाड्यात ठेवली, तिथून मी वाचली. शेजारीच माझा मॅट्रिकच्या परीक्षेचा नंबर आलेला कागद होता. बाबांनी दोन्हींवर एकच दगड ठेवला होता.

"मी पेपर देईन ना?" मी आईला विचारलं.

"बाबांना विचार."

बाबांना विचारायची माझी हिंमत नव्हती. वर्गात सरांनी नाव घेतलं तरी माझा आवाज निघत नसे.

रविवारी निघायच्या आधी नत्थूजींनी गाडी जिनात न्यायला लावली. चाकांत हवा भरायची म्हणाले. हवा भरली आणि मग गाडी सरळ काट्यावर चढवायला सांगितली, जिथे कापसाच्या बैलगाड्या आधी भरलेल्या आणि मग रिकाम्या मोजतात. रिकामी गाडी त्यांनी आदल्या दिवशीच मोजून ठेवली होती. बारा मण.

काट्यावर कवडू होता. त्याने दांडीवरचं वजन सरकवलं आणि डोळे बारीक केले. "सतरा मण दोन शेर. मास्तर, मांगं कापूस दाबून आनला का?"

"तिघंच आहोत," बाबा म्हणाले.

"तिघं? मास्तरीनबाई लई खाऊन राहिल्या मंग!" आणि तो स्वतःच हसला.

मी बोटांवर मोजलं. चाळीस शेरांचा एक मण. आम्ही तिघं मिळून एक शेर कमी चार मण. बारा आणि चार सोळा. एक मण तीन शेर जास्त येत होते.

"काटा बिघडला आहे," बाबा म्हणाले.

"अख्खा तालुका याच्यावर मोजून राहिलो, तुमच्याच टायमाले बिघडला काय?" कवडूने हसत नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी हसत नव्हते. मग त्यानेही हसणं थांबवलं आणि दांडी सोडून दिली.

काटा पाच-सात शेर इकडेतिकडे होऊ शकतो, हे मला माहीत होतं. त्रेचाळीस होत नाही. आणि बाबांनी वहीच्या पाठीवर लिहिलेले नेमके त्रेचाळीस तर नाहीच.

नत्थूजी खिडकीशी आले. बाबांना म्हणाले, "मास्तर, आज जाऊ नका. जानं असंल तं पोरीले घरी ठेवा."

बाबांचा चेहरा लाल झाला. "गाडी दुरुस्त करायला बोलावलं तुम्हाला. घर नाही."

६

त्या दिवशी सकाळीच आईने माझ्या वेण्या सोडल्या आणि खोपा घातला होता. पहिल्यांदाच लुगडं नेसवलं. ताईचंच होतं, अंजिरी. आरशात माझं कपाळ मोठं दिसलं. दोन वेण्या नसल्यामुळे मी मलाच ओळखू आले नाही.

रामाकोन्यापर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. हळदीचा वास येत होता. ज्या ओढ्याजवळ ताई गेली, तिथे मी डावीकडे पाहिलं नाही. फळी करकरली नाही. तिथे रस्ता खराब आहे, तरी नाही.

भैय्याजींच्या घरी ओसरीवर सतरंजी टाकली होती. पंचफुलाबाई, ताईच्या सासूबाई, लेकरू घेऊन आल्या आणि न विचारता माझ्या मांडीवर ठेवून दिलं. "पाहा, कशी गप बसली! रगत रगताले ओळखते."

मुलगी गप नव्हती बसली. ती माझ्या खांद्यावरून अंगणात उभ्या गाडीकडे पाहत होती.

मोरेश्वरभाऊजी खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. ते वाईट नाहीत. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

"फाल्गुनात मुहूर्त हाये," भैय्याजी म्हणाले. "थोडक्यात उरकू. तुमचं आमचं काय नवं हाये?"

"फाल्गुनात हिची परीक्षा आहे," बाबा म्हणाले. मी मान वर केली.

"मंग? पुढच्या साली देईन ती. आमच्या घरी पुस्तकाची मनाई नाई, मास्तर. उषालेबी नव्हती."

बाबांनी माझ्या मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. मग म्हणाले, "उषेच्या वेळी मी उशीर केला. आता लेकराच्या वेळी करणार नाही." डोळे पुसून त्यांनी भैय्याजींचा हात धरला. त्यांना वाटत होतं ते फेडताहेत. काय फेडताहेत आणि कशातून, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मी लेकराचं दुपटं सारखं करत राहिले.

पंचफुलाबाईंनी माझी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. मी सगळ्यांच्या पाया पडत अंगणात आले तेव्हा आई गाडीशी पोचलेली होती. पुढची सीट दुमडून, धरून उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे.

"आई, मी इथे आहे," मी म्हणाले.

"हो. बस ना," ती म्हणाली. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती.

७

मी नेहमीसारखी उजव्या कोपऱ्यात जाऊन बसले. गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर उजवीकडे कलली.

रस्ता तसाच असेल, मी म्हटलं. पण रस्ता सरळ झाला तरी गाडी कललेलीच. डावी बाजू वर गेली होती. चार बोटं, नत्थूजींनी सांगितली होती तशी. आणि माझा उजवा खांदा खिडकीच्या पत्र्यावर दाबला जात होता. गाडीत मागे दोघींना पुरेल एवढी जागा होती. तरी मला पाय हलवायला जागा नव्हती. लुगडं सवयीचं नाही म्हणून असेल. नारळ मांडीवर आहे म्हणून असेल.

चाक मडगार्डला घासू लागलं. रबराचा वास आला, हळदीत मिसळून.

"विजू," बाबा मागे न बघता म्हणाले, "तिकडे सरक जरा. गाडी तिरपी चालून राहिली."

"बाबा, मला इथेच..."

"सरक म्हटलं ना! सोयऱ्यांच्या गावात टायर फुटायचा."

मी सरकले. नारळ धरून, पदर सांभाळून, ज्या जागेवर मी आजवर कधी बसले नव्हते त्या जागेवर बसले. गादीतला खळगा माझ्या मापाला थोडा मोठा होता. मी त्यात बसले.

गाडी सरळ झाली.

मी सरकले तर उजवी बाजू वर जायला हवी होती. मी फक्त अडतीस शेरांची असले तरी. पण गाडी सरळ चालली होती, पहिल्या दिवशी परातीतलं पाणी होतं तशी. चाक घासायचं थांबलं. बाबांनी समाधानाने हुं केलं.

मी उजवीकडे पाहिलं नाही. समोर पाहिलं. दाढीचा आरसा तारेवर हलत होता. त्यात रस्ता कमी आणि मागचा उजवा कोपरा जास्त दिसायचा, हे मी विसरले होते.

आरशात एक कपाळ होतं. दोन वेण्या होत्या, शाळेला जाताना घालतात तशा, फिती वर बांधलेल्या. माझा हात माझ्या मानेकडे गेला. खोपा जागेवर होता.

आरसा धक्क्याने हलतो. सवयीने माणसाला आरशात आपणच दिसतो. मी हे मनात म्हणत असतानाच ते कपाळ वळलं आणि खिडकीबाहेर पाहू लागलं. बाहेर संत्र्यांच्या बागा जात होत्या. खूप दिवसांनी घरी परत निघालेली मुलगी पाहते, तसं ते पाहत होतं.

आईने आरशाकडे पाहिलं. तिथे तिला जे दिसलं, ते तिने बराच वेळ पाहिलं. मग ती नेहमीच्या आवाजात, कित्येक महिन्यांत ज्या आवाजात बोलली नव्हती त्या आवाजात म्हणाली, "विजू, हात खिडकीबाहेर काढू नको बाई."

माझे दोन्ही हात ओटीतल्या नारळावर होते.